सनपॅक बोर्डावरचं विनाइल कडेनं सुटतंय, उपाय सांगा

माळरान_प्रिंट

नमस्कार मंडळी. संगमनेरजवळ आमचं फ्लेक्स-विनाइल प्रिंटिंगचं दुकान आहे. बियाणे-खतवाल्यांच्या प्रात्यक्षिक प्लॉटवर लावायचे बोर्ड आम्ही करतो. दोन बाय तीन फुटांचे. वाणाचं नाव, पेरणीची तारीख, शेतकऱ्याचं नाव, गाव, एवढाच मजकूर. इको-सॉल्व्हंट मशीनवर विनाइल, म्हणजे पाठीला गम असलेली स्टिकरची फिल्म, छापायचं, मॅट लॅमिनेशन मारायचं, पाच मिमीच्या पांढऱ्या सनपॅकवर पेस्ट करायचं आणि सळईला बांधून द्यायचं.

तेच विनाइल, तेच मशीन, पेस्टिंग करणारा मुलगाही तोच. सनबोर्डावर लावलं तर हलत नाही. सनपॅकवर मात्र पंधरवडा जात नाही तोवर कोपरे वर येतात, मग वारा आत शिरतो आणि अख्खं प्रिंट फडफडायला लागतं. ज्या शेतकऱ्यानं हौसेनं आपलं नाव असलेला बोर्ड बांधावर लावून घेतला, त्यालाच ते उचलून घरी ठेवावं लागतं, हे मला पटत नाही. शीटवाला म्हणतो, शीट उत्तम आहे, तुमच्या विनाइलला गम कमी आहे. खरिपाची ऑर्डर तोंडावर आलीय. जास्त गमचं विनाइल मागवू, की कडेनं इन्स्टंट ग्लूची रेघ ओढू?

रेडियमकाका_कोल्हापूर

इन्स्टंट ग्लू अजिबात नको. त्या शीटला तो धरत नाही, वाळला की काचेसारखा कडक होतो आणि कडेला पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं. बाकी जाणकार सांगतीलच.

पॉलिमरताई

माळरान दादा, उपाय सांगण्याआधी एक गोष्ट बघून सांगा. सुटलेल्या प्रिंटचा कोपरा हातात घ्या आणि गम कुठे आहे ते पाहा. विनाइलच्या पाठीवर आहे, बोर्डावर राहिलाय, की दोन्हीकडे थोडा थोडा आणि ओढला की तारा निघतात? आणि चौथी शक्यता म्हणजे विनाइल जागेवरच आहे, वरचं लॅमिनेशन तेवढं सुटलंय. चारही वेळा गिऱ्हाईक एकच वाक्य म्हणतं, "स्टिकर निघाला". पण चारही दुखणी वेगळी आहेत.

माळरान_प्रिंट

ताई, आत्ताच गोडाऊनमधून परत आलेले बोर्ड काढून पाहिले. गम सगळाच्या सगळा विनाइलच्या पाठीवर आहे. बोट लावलं तर अजून चिकटतोय. बोर्ड मात्र स्वच्छ, नव्यासारखा चकचकीत. एकही डाग नाही.

पॉलिमरताई

मग गम निर्दोष आहे. तो बोर्डाला कधी लागलाच नव्हता.

थोडं सविस्तर लिहिते, कारण हा घोळ मी फार ठिकाणी पाहिलाय. बाजारात सनबोर्ड आणि सनपॅक ही नावं शेजारी शेजारी घेतली जातात, म्हणून ती एकाच जातीची वाटतात. सनबोर्ड म्हणजे पीव्हीसीचा फोम. सनपॅक म्हणजे आत नळ्या असलेली पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे पीपीची शीट. विनाइलसुद्धा पीव्हीसीच, आणि त्याचा ॲक्रिलिक गम पीव्हीसीवर सहज बसतो. पीपीवर बसत नाही.

कारण असं की कुठलाही गम आधी पृष्ठभागावर पसरावा लागतो. पसरला तरच तो बारीकसारीक खाचांत उतरतो आणि धरतो. पृष्ठभाग त्याला किती ओढून घेतो याचं माप डाइनमध्ये सांगतात. पीपी २९-३० च्या आसपास, पॉलिथिलीन ३१, पीव्हीसी आणि ॲक्रिलिक ३८ ते ४० च्या घरात, पॉलिकार्बोनेट त्याहून थोडं वर. या आकड्यांत फरक लहान दिसतो, पण गम पसरणार की गोळा होऊन बसणार ते तिथेच ठरतं. म्हणून गमचं प्रमाण वाढवून पीपीवरचा प्रश्न पुरता सुटत नाही.

पीपीवर छपाई किंवा पेस्टिंग करायचं असेल तर कारखान्यात शीटला कोरोना ट्रीटमेंट देतात. जास्त दाबाची वीज हवेतून शीटच्या पृष्ठभागावर सोडतात, त्यानं वरचा अगदी पातळ थर ऑक्सिडाइज होतो आणि डाइन वाढतात. पण ही ट्रीटमेंट कायमची नसते. शीट महिनोन्‌महिने पडून राहिली की उतरत जाते, शिवाय शीटमध्ये घातलेली घसरणीची आणि अँटिस्टॅटिक द्रव्यं हळूहळू वर येऊन बसतात. शीटवाला खोटं बोलतोय असं नाही. कारखान्यातून निघताना शीट चांगली असेलही. तुमच्या हातात आली तेव्हा कशी होती, हा प्रश्न आहे.

घरच्या घरी बघायचं तर शीट पुसून आडवी ठेवा आणि पाण्याचे थेंब टाका. अळवाच्या पानावर राहतात तसे गोल, पळणारे थेंब राहिले तर त्या शीटवर विनाइल लावू नका. थेंब चपटे होऊन पसरले तर आशा आहे. नक्की हवं असेल तर ३८ चं डाइन पेन, म्हणजे डाइन तपासायचं शाईचं पेन, घ्या. त्यानं ओढलेली रेघ दोन सेकंद रेघच राहिली तर ठीक, तुटून तिचे ठिपके झाले तर शीट बाद. दोन्ही बाजू तपासा, कारण कधी कधी ट्रीटमेंट एकाच बाजूला असते.

साइनवाला_चिपळूण

ताईंनी मुळावरच बोट ठेवलंय. शीट कुठली आहे हेच माहीत नसेल तर तेही ओळखता येतं. पीपी पाण्यापेक्षा हलकं. पण अख्खा तुकडा टाकू नका, नळ्यांतल्या हवेनं काहीही तरंगेल. नळीची एक भिंत ब्लेडनं सोलून घ्या आणि पाण्यात पूर्ण बुडवून सोडा. वर आली तर पीपी किंवा पॉलिथिलीन. ॲक्रिलिक, पॉलिकार्बोनेट, भरीव पीव्हीसी हे सगळे तळाला जातात. फोमचा सनबोर्ड मात्र पीव्हीसी असूनही तरंगतो, तिथे ही खूण चालत नाही. त्यासाठी हातानं वाकवून बघा. पीपी वाकतं, घडीवर पांढरं पडतं, तुटत नाही.

अकोला_ग्राफिक्स

आमच्याकडे वेगळीच तऱ्हा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, आणि गडद रंगाचा बोर्ड उन्हात त्याहून कितीतरी जास्त तापतो. आमच्या बोर्डांवर गम धरलेला असतो, तरी कडा मागे सरकतात. विनाइलच्या चारी बाजूंनी दोन-तीन मिमीची काळी रेघ दिसते. ती रेघ म्हणजे उघडा पडलेला गम आणि त्याच्यावर बसलेली धूळ. विनाइल आखडलं. हे स्वस्त, मोनोमेरिक विनाइलचं लक्षण. ते कॅलेंडरमध्ये, म्हणजे रोलरच्या मशीनमध्ये, दाबून, ताणून काढलेलं असतं. ऊन लागलं की आपल्या मूळ मापाकडे जाऊ पाहतं, आणि त्यातलं मऊ ठेवणारं द्रव्य हळूहळू बाहेर पडतं, तेही गममध्ये शिरून त्याला पातळ करतं.

त्याच्यापेक्षा वरच्या प्रतीचं, पॉलिमेरिक विनाइल घेतलं तर हे बरंच कमी होतं. कास्ट विनाइल ५० मायक्रॉनच्या आसपास पातळ असतं, ओतून बनवतात म्हणून त्यात ताणच नसतो, पण प्लॉटच्या बोर्डाला तो खर्च कुणी देणार नाही. तिथे पॉलिमेरिक पुरे. लॅमिनेशनही त्याच जातीचं हवं. खाली पॉलिमेरिक आणि वर स्वस्त मोनोमेरिक फिल्म मारली तर वरची आखडते आणि खालच्याला कोपऱ्यातून उचलते.

आणि बोर्ड स्वतः फुगतो-आक्रसतो ते वेगळंच. चार फुटांची ॲक्रिलिक शीट पहाटे २५ अंशांवर आणि दुपारी ६५ वर गेली तर साडेतीन मिमीच्या आसपास वाढते. पीपी त्याहून जास्त. रोज ही ओढाताण चालू असते, आणि ती सगळी कोपऱ्यावर येते. म्हणून आम्ही टोकदार कोपरा ठेवतच नाही. प्रत्येक प्रिंटला एक-दोन सेंटिमीटरची गोलाई द्यायची, सॉफ्टवेअरमध्येच. विनाइल सुटायला लागतं ते टोकापासून. टोकच ठेवलं नाही तर सुरुवात व्हायला जागा राहत नाही.

दुकानदार_ठाणे

धाग्यात मध्येच घुसतोय, माफ करा. माझं कापडाचं दुकान आहे. मराठी पाट्यांचा कायदा २०२२ मध्ये बदलला आणि सुप्रीम कोर्टानं २०२३ च्या सप्टेंबरात दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा घाईघाईत आम्ही जुन्या ॲक्रिलिकच्या ग्लोसाइनवर (आतून दिवे असलेल्या पाटीवर) मराठी नावाचं विनाइल वरून चिकटवून घेतलं. आता त्याच्याखाली फुगे आलेत. रात्री दिवे लागले की प्रत्येक फुग्याची सावली अक्षरांवर पडते. मराठी नाव मोठ्या अभिमानानं लावलंय, ते असं दिसायला नको. खरवडून परत लावावं का?

रेडियमकाका_कोल्हापूर

दादा, त्या वर्षी हेच काम सगळीकडे चाललं होतं आणि बहुतेकांनी जुनं न काढता वरून लावलं. खालचं जुनं विनाइल आधीच कडेनं सुटत असेल तर वरचं कितीही चांगलं असो, ते खालच्याबरोबर जाणार. हेअर ड्रायरनं कोमट करत, लहान कोनातून सावकाश ओढून दोन्ही थर काढा. घाई केली तर गम शीटवर राहतो आणि दुप्पट काम वाढतं. एक महत्त्वाचं: ॲक्रिलिकवर थिनर, पेट्रोल, ॲसिटोन यातलं काही लावायचं नाही. त्या क्षणी काही दिसत नाही, दिवे लागले की शीटमध्ये केसासारख्या बारीक भेगांचं जाळं दिसतं. ते परत जात नाही.

पॉलिमरताई

काकांचं बरोबर. त्यात भर घालते. लेझरनं कापलेल्या ॲक्रिलिकच्या कडेला ताण अडकलेला असतो, तिथे अल्कोहोल किंवा अमोनिया असलेला काच पुसायचा स्प्रेसुद्धा भेगा पाडू शकतो. त्यामुळे ॲक्रिलिकला आधी सौम्य साबणाचं पाणी, मग साधं पाणी, मग कोरडं सुती फडकं. गमचे डाग राहिलेच तर पाणी मिसळलेलं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) फडक्यावर घेऊन, कडेपासून लांब राहून.

फुग्यांबद्दल. लावताना राहिलेली हवा असेल तर फुगे पहिल्या दिवसापासून दिसतात. नंतर, उष्णतेनं आलेले असतील तर ते शीटमधून आलेत. ॲक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट हवेतली ओल शोषून ठेवतात आणि तापले की ती वाफ होऊन विनाइलखाली जमा होते. याची रूढ चाचणी अशी की दहा सेंमीचा विनाइलचा चौकोन शीटच्या तुकड्यावर लावायचा, ६० अंशांना २४ तास ठेवायचा आणि फुगे येतात का पाहायचं. ओव्हन नसेल तर वाळत घातलेल्या कपड्यांशेजारी, गच्चीवर, दिवसभर उन्हात ठेवा. इतकं नेमकं नाही, पण काय होणार ते कळतं. ग्लोसाइनला प्रकाश आरपार जाणारं विनाइल वेगळं मिळतं, तेच मागा.

दुकानदार_ठाणे

मनापासून आभार. काढूनच टाकतो, पुन्हा वरून लावत नाही.

साइनवाला_चिपळूण

आता माळरानांच्या बोर्डाकडे परत येतो. आमच्याकडे जूनपासून चार महिने पाऊस आणि खाऱ्या वाऱ्याचं मीठ. इथे शिकलेल्या गोष्टी सांगतो.

पुसणं. सगळे पुसतात, पण एकाच फडक्यानं. ओल्या फडक्यानं पुसून आयपीए तसंच वाळू दिलं की मळ विरघळून परत तिथेच बसतो. दोन फडकी हवीत. एका हातात आयपीएचं, दुसऱ्या हातात कोरडं, आणि ओल्यामागोमाग, उडून जायच्या आत, कोरडं फिरवायचं. फडकी कपडे मऊ करायच्या लिक्विडमध्ये धुतलेली नकोत, त्याचा थर शीटवर येतो. दुकानात कुठेही सिलिकॉन स्प्रे किंवा डॅशबोर्ड पॉलिश मारलं जात असेल तर ते टेबलापासून दूर. आणि शीटची कड हातात धरून उचलतो आपण सगळे, म्हणजे बोटांचं तेल नेमकं कडेवर, जिथे पकड सर्वांत जास्त लागते तिथे.

पेस्टिंग कोरडंच. साबणाचं पाणी मारून लावायची पद्धत काचेवर ठीक. पीपीवर पाणी आत राहतं आणि आधीच कमी असलेली पकड आणखी मंद होते. विनाइल ताणून बसवायचं नाही. वाकडं गेलं म्हणून ओढून जागेवर आणलं की ओढलेली कड हमखास परत जाते, आज नाही तर उन्हाच्या पहिल्या दिवशी. वाकडं गेलं तर उचलून पुन्हा ठेवा.

सनपॅकचा पृष्ठभाग सपाट दिसतो, पण तिरप्या उजेडात धरला की नळ्यांच्या रेषा दिसतात. हलक्या हातानं फिरवलेली स्क्वीजी, म्हणजे विनाइल दाबायची पट्टी, उंचवट्यांवरूनच जाते, मधल्या पट्ट्यांत विनाइल टेकत नाही. नळ्यांच्या दिशेनं, आडवं नाही, फेल्ट लावलेल्या स्क्वीजीनं दोनदा दाबा. रोलरमधून काढत असाल तर दाब इतकाच ठेवा की नळ्या चेपल्या जाणार नाहीत.

पेस्ट झाल्यावर बोर्ड दिवसभर तरी आडवे, सावलीत ठेवा. हा गम दाबानं आणि वेळेनं धरतो, लावल्या लावल्या नाही. सकाळी पेस्ट केलेला बोर्ड दुपारी टेम्पोत उभा घालून पावसात पाठवला की कडा गेल्याच म्हणून समजा.

माळरान_प्रिंट

केवढं लिहिलंत तुम्ही सगळ्यांनी. थेंब टाकून पाहिले. गोडाऊनमधल्या मागच्या वर्षीच्या शीटवर थेंब टपोरे, गोल, शीट किंचित कलती केली की पळतात. नव्या गठ्ठ्यातल्या शीटवर पसरतात, पण एकाच बाजूला. दुसऱ्या बाजूला जुन्यासारखेच. आमचा मुलगा हाताला येईल ती बाजू वर घेऊन पेस्ट करत होता, त्याला ओळखायला काही खूणच नव्हती. म्हणून काही बोर्ड टिकले आणि काही नाही, हे आत्ता लक्षात येतंय.

एक विचारायचं राहिलं. प्रिंट झाल्यावर लॅमिनेशन किती वेळानं करायचं? आम्ही हाताला कोरडं लागलं की लगेच मारतो.

अकोला_ग्राफिक्स

भाऊ, थांबा तिथं. इको-सॉल्व्हंटची शाई हाताला वाळलेली वाटते, पण सॉल्व्हंट विनाइलच्या आत उतरलेलं असतं. लॅमिनेशन मारलं की त्याला वर जायला वाट राहत नाही. मग ते खाली गममध्ये जातं, गम मऊ पडतो, विनाइलही मऊ पडून कडेनं वळतं. निदान २४ तास, गडद आणि भरगच्च रंग असतील तर ४८. गुंडाळी घट्ट करून ठेवली तर तो वेळ मोजायचा नाही. सैल गुंडाळून उभी ठेवा किंवा पसरून ठेवा, म्हणजे वाफ निघून जाते. पावसाळी दमट हवेत आणखी थोडं थांबलेलं बरं.

स्क्रीनप्रिंट_इचलकरंजी

मी वेगळा विचार मांडतो. प्लॉटच्या बोर्डावर विनाइल हवंच का? वाणाचं नाव, कंपनीचा शिक्का, रंग हे सगळ्या बोर्डांवर सारखंच असणार. तेवढं सनपॅकवर थेट स्क्रीन प्रिंट करा, पीपीसाठी मिळणाऱ्या शाईनं. सुटायला थरच नाही. शेतकऱ्याचं नाव आणि तारीख बदलते, तेवढीच छोटी पट्टी विनाइलची. पीपीची शाईसुद्धा ट्रीट केलेल्या बाजूलाच धरते, त्यामुळे थेंबाची परीक्षा इथेही लागू. मोठ्या गावात यूव्ही फ्लॅटबेड असेल तर नावासकट सगळं थेट शीटवर छापून मिळतं, मात्र नख मारून आणि चिकटपट्टी ओढून आधी तपासून घ्या.

रेडियमकाका_कोल्हापूर

मला हे पटतं. विनाइल माझं पोट आहे, तरी सांगतो, बांधावर उन्हातान्हात, बैलांच्या आणि फवारणीच्या माऱ्यात राहणाऱ्या बोर्डाला जितके थर कमी तितकं चांगलं.

माळरान_प्रिंट

स्क्रीनचा विचार पुढच्या हंगामासाठी नक्की करतो, या वेळची मोठी ऑर्डर विनाइलचीच मंजूर झालीय आणि प्रत्येक बोर्डावर फोटो आहे. ठरवलं असं: जुनी शीट परत किंवा दुसऱ्या कामाला. नव्या गठ्ठ्याची चांगली बाजू थेंबानं ओळखून मार्करनं कोपऱ्यात खूण करायची, मगच कापायची. हाय टॅक, म्हणजे जास्त चिकट गमचं, पॉलिमेरिक विनाइल. कोपरे गोल. गम धरावा म्हणून शीटला आधी लावायच्या प्रायमरबद्दल वाचलं, तो अख्ख्या शीटवर मारायचा की फक्त कडेला?

पॉलिमरताई

फक्त कडेला, दोन-तीन सेंटिमीटरचा पट्टा, आणि कोपऱ्यांना. थ्रीएमचा प्रायमर ९४ पीपीवर चालतो, बाजारात मिळतोही. पातळ हात मारा, पूर्ण वाळू द्या, मगच विनाइल टेकवा. जाड मारला म्हणून जास्त धरत नाही, उलट थर चिकट राहतो. ज्वालाग्राही आहे, वासही डोक्यात जाणारा, त्यामुळे दार-खिडक्या उघड्या, हातमोजे, आणि शेजारी हीट गन नाही. प्रायमर लावलेल्या जागेवर विनाइल एकदा बसलं की उचलून सरळ करता येत नाही, म्हणून मधला भाग आधी टेकवा आणि कडा शेवटी.

प्रायमर आहे म्हणून ट्रीटमेंट नसलेली बाजू चालेल असं मात्र धरू नका. आणि ट्रीट केलेली शीट आयपीएनं हलक्या हातानं पुसा. जोर लावून घासली तर तो वरचा थरच निघून जातो आणि शीट पुन्हा तुमच्या जुन्या गठ्ठ्यासारखी होते.

साइनवाला_चिपळूण

प्रिंट शीटच्या अगदी कडेपर्यंत नेऊ नका. पाच मिमी आत थांबवा. कडेपर्यंत असलेलं विनाइल बोर्ड टेम्पोत सरकवतानाच घासून उचललं जातं. आणि बोर्ड सळईवर बांधताना नळ्या उभ्या राहतील असं कापून घ्या. आडव्या नळ्यांत पावसाचं पाणी आणि माती साचते. उभ्या असल्या की खालून निघून जाते. तारेसाठी भोक पाडायचं ते विनाइलच्या बाहेर, त्या पाच मिमीत बसत नसेल तर वरची बाजू थोडी जास्त मोकळी सोडा.

माळरान_प्रिंट

वरची बाजू तीन सेंमी मोकळी ठेवून डिझाइन बदललं. उद्या चार बोर्ड असेच करून दुकानाच्या पत्र्यावर उन्हात टाकतो. दोन प्रायमर लावून, दोन न लावता. आठवड्यानं कोपरा ओढून बघून इथेच फोटो टाकेन, मगच बाकीची शीट कापायला घेईन.